लाल ठिपका आणि पहिली गोळी

रायफलीवर दुर्बीण चढविली, नळीत लेसर बसविला आणि समोरच्या लाल ठिपक्यावर दुर्बिणीतील फुली आणून ठेवली, की रायफल ‘जुळली’ अशी पुष्कळांची समजूत आहे. मला ती मुळीच मान्य नाही. ह्याच समजुतीपायी गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्हाला पहिल्या गोळीपासून गुण मोजण्यात आले. सरावाच्या गोळ्या मागितल्या तर उत्तर मिळाले, “लेसरने जुळविल्या आहेत, काडतुसे कशाला फुकट घालवता?”

लेसरशी माझे वैर नाही. नवी दुर्बीण बसविल्यावर पहिल्या गोळ्या कागदालाही लागत नाहीत, त्या कुठे गेल्या हे कळत नाही. तो त्रास हे यंत्र वाचविते. (गोळी भरण्यापूर्वी ते नळीतून काढलेच पाहिजे, नाहीतर नळी फुटण्याची भीती असते.) पण लेसर दाखवितो ती नळीची सरळ रेघ. गोळी सरळ रेघेत जात नाही, ती नळीतून सुटताच खाली पडू लागते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणित मांडू नये असा संकेत आहे, तरी मांडतो. ·२२ ची साधी गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते. ५० मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेघेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली आलेली असते. दुर्बीण नळीच्या साधारण ४ सेंटिमीटर वर असते. २५ मीटरवर ठिपका आणि फुली जुळविली, तर ५० मीटरवर आपली नजर नळीच्या रेघेच्या ४ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे गोळी नेमाच्या ८ सेंटिमीटर खाली! ५० मीटरच्या लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाची त्रिज्या ६ सेंटिमीटरही नाही. मध्यावर अचूक नेम धरणाऱ्याची गोळी काळ्याच्या बाहेर पडणार, आणि निकालपत्रक त्याला अडाणी ठरविणार.

शिवाय लेसर स्वतःच तिरका बसलेला असू शकतो. नळीत तो हळूहळू फिरवून पाहावा. ठिपका एका जागी न राहता वर्तुळ काढू लागला, तर त्या वर्तुळाचा मध्य खरा, ठिपका खोटा. ही तसदी कितीजण घेतात? काडतुसांचा प्रकार बदलला तरी गोळी दुसरीकडे लागते, आणि प्रत्येकाची गाल टेकविण्याची रीतही निराळी.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे ह्याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. परंतु तेथेसुद्धा स्पर्धेपूर्वी तयारी आणि सरावासाठी १५ मिनिटे मिळतात, आणि त्या वेळात झाडलेल्या गोळ्यांचे गुण धरीत नाहीत. जगातील निवडक नेमबाजांना जी सवलत आवश्यक वाटते, ती वर्षातून दोनदा रायफल हाती घेणाऱ्या आम्हा मुलामुलींना अनावश्यक कशी?

काडतुसे महाग आहेत, हे खरे. मग गुणांच्या २० गोळ्यांऐवजी १५ ठेवाव्यात आणि उरलेल्या ५ प्रत्येकाला रायफल जुळविण्यासाठी द्याव्यात. तीन गोळ्या झाडून त्यांचा मध्य पाहावयाचा, दुर्बिणीची चकती तेवढे खटके फिरवावयाची आणि दोन गोळ्यांनी खात्री करावयाची. वरच्या उदाहरणातील ८ सेंटिमीटरची चूक बहुतेक दुर्बिणींत सुमारे २२ खटक्यांत निघते. यंदाच्या स्पर्धेची नियमावली छापण्यापूर्वी आमच्या क्रीडा विभागाने एवढी सूचना आयोजकांकडे लेखी पाठवावी.