चालतंय ना, मग बदलायचे कशाला?

रमजानचे वेळापत्रक, निकाहची पत्रिका, मदरशाच्या जलशाचे पोस्टर, शाळेची प्रश्नपत्रिका आणि आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हाचा स्वागत फलक. आपल्या गावांत ही सारी कामे एकाच ठिकाणी होतात, ते म्हणजे डीटीपीचे दुकान. त्या दुकानातला संगणक सुरू झाला की पडद्यावर पुष्कळदा हिरवी टेकडी आणि निळे आभाळ दिसते. हे चित्र ओळखीचे आहे त्यांना सांगायला नको, हे विंडोज एक्सपी. २५ ऑक्टोबर २००१ रोजी ते बाजारात आले आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल थांबवली. त्यानंतरचे विंडोज ७ देखील १४ जानेवारी २०२० पासून बेवारस आहे. तरी दोन्ही चालू आहेत. विचारले तर उत्तर ठरलेले, "चलरा ना, फिर कायकू बदलना?"

देखभाल थांबली म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. अक्षरे उमटतात, प्रिंट निघते, सगळे पूर्वीसारखेच दिसते. फरक एवढाच पडतो, की त्या प्रणालीत एखादे नवे भगदाड सापडले तर ते बुजवायला कोणी येत नाही. दाराला कुलूप आहे, पण कुलूपवाला गाव सोडून गेला आहे आणि त्या कुलपाच्या बनावट किल्ल्या मात्र रोज नव्याने तयार होत आहेत, अशी ती अवस्था.

मग लोक बदलत का नाहीत? त्यांना आळशी किंवा अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. आमच्या मते पहिले कारण आहे लिपी.

मराठी आधी घ्या. आज मोबाईलवर लिहिलेले मराठी जगात कुठेही वाचता येते, कारण प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. नव्वदच्या दशकात ही सोय आपल्या दुकानांपर्यंत पोहोचलेली नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकची आयएसएम, शिवाय आकृती, अशा संचांनी मराठीला संगणकावर आणले. या संचांच्या बऱ्याच फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर बसवलेले असे, आणि ते कुठे बसवायचे हे प्रत्येकाने आपापले ठरवलेले. म्हणून एका संचात टाइप केलेला मजकूर दुसरीकडे उघडला, की कंस, टिंबे आणि चिन्हांची खिचडी दिसते. दुकानदाराची पंधरा-वीस वर्षांची कमाई अशा फायलींत अडकलेली आहे.

उर्दूची गोष्ट आणखी नाजूक. नस्तालीक सरळ रेषेत चालत नाही. शब्द वरून खाली उतरत येतो आणि शेजारी कोण आहे ते पाहून प्रत्येक अक्षर आपले रूप बदलते. त्यामुळे इतर लिप्या छापखान्याच्या खिळ्यांवर गेल्या तरी उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या बोरूवरच निघत राहिली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक घडवले. त्यासाठी जोडअक्षरांच्या सुमारे वीस हजार आकृत्या तयार कराव्या लागल्या. १९९४ मध्ये इनपेज आले आणि हेच नस्तालीक साध्या संगणकावर, गावातल्या टेबलावर उतरले. राष्ट्रीय उर्दू परिषदेच्या संगणक अभ्यासक्रमांत आपल्या अनेक मुलामुलींनी हेच इनपेज शिकून पोटापाण्याचा मार्ग धरला.

आता अडचण पाहा. या सॉफ्टवेअरच्या अधिकृत प्रतीबरोबर पुष्कळदा एक 'डोंगल' मिळे. ती किल्ली संगणकाच्या मागे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. जुनी डोंगल प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये बसायची. आजच्या संगणकाला तो पोर्टच नसतो. म्हणजे संगणक बदलला तर डोंगल निकामी, डोंगल निकामी तर सॉफ्टवेअर नवे, सॉफ्टवेअर नवे तर जुन्या फायली उघडतील याची खात्री नाही. जोडीला वापरले जाणारे पेजमेकर अडोबीने कधीच मागे टाकले आहे. जुन्या स्कॅनरला नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळत नाही. आणि बोटांचे काय? मराठी टंकलेखन यंत्राच्या पद्धतीवर तयार झालेली बोटे पन्नाशीत पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवायची, हे सांगणाऱ्याला सोपे असते.

दुसरे कारण खर्चाचे. विंडोज ११ फुकट मिळते असे ऐकून लोक येतात. पण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. जुन्या डब्यावर ते अधिकृतपणे बसतच नाही. मग पत्रिकेमागे चार पैसे मिळवणाऱ्याने संगणक, प्रिंटर, सॉफ्टवेअर असा सगळाच संसार एकदम नव्याने थाटायचा का?

तिसरे कारण आपल्या संस्कारातले आहे. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याकडे निषिद्ध. चालती वस्तू टाकून देणे घरातल्या मोठ्यांना पटत नाही, आणि ते योग्यच आहे.

यात गावातला दुकानदार एकटा नाही. अमेरिकेच्या नौदलाने २०१५ मध्ये एक्सपीसारख्या जुन्या प्रणालींची सुरक्षा चालू ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टला सुमारे ९१ लाख डॉलर देण्याचा करार केला होता. आपल्याकडे २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढून एटीएममधील एक्सपी आणि इतर बेवारस प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला, असे बँकांना सांगावे लागले. जिथे तिजोरी भरलेली आहे तिथे हे हाल, तर डीटीपीवाल्याला बोल का लावावा?

तरीही धोका खरा आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत पसरला. फायलींना कुलूप लावायचे आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, ही त्याची रीत. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत त्या दिवशी रुग्णांना परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण फक्त देखभाल चालू असलेल्या प्रणालींसाठी. एक्सपीला ती हल्ला झाल्यावर, अपवाद म्हणून मिळाली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्वाधिक बाधित संगणक विंडोज ७ चे होते. तेव्हा त्याची देखभाल चालू होती, दुरुस्तीही उपलब्ध होती, ती बसवली मात्र नव्हती. म्हणजे नवी प्रणाली घेऊन 'अपडेट नंतर करू' म्हणणाराही तितकाच उघड्यावर असतो. पुढच्याच महिन्यात अशाच दुसऱ्या हल्ल्याने आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले. दूरदेशी सुरू झालेली गोष्ट महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागायला फार वेळ लागला नाही.

आता खरा प्रश्न. त्या जुन्या संगणकात आहे काय? फक्त पत्रिका आणि पोस्टर असते तर व्हायरसने खाल्ले तरी एका माणसाचे नुकसान. पण त्याच संगणकावर आधार आणि पॅन कार्ड स्कॅन होतात. शिष्यवृत्तीचे आणि हजचे अर्ज भरले जातात. बँकेचे पासबुक, जमिनीचा सातबारा, लेकीचा बायोडेटा आणि तिचा फोटो तिथेच डेस्कटॉपवर पडून राहतो. ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि नोंदणीला सहा महिन्यांची मुदत दिली गेली. मशीद आणि कब्रस्तानची पिढ्यान्‌पिढ्यांची कागदपत्रे त्यासाठी स्कॅन करून चढवायची होती. अशा कामाला विंडोज ७ चा संगणक पुरत नाही. गुगल क्रोमने २०२३ च्या सुरुवातीलाच त्याला नव्या आवृत्त्या देणे थांबवले आहे. जुन्या ब्राउझरवर कधी पान उघडत नाही, कधी अर्धा फॉर्म भरून अडकतो. शेवटी मुदत हुकते ती मोहल्ल्याची.

इथे आमच्या मनात एक रेघ स्पष्ट होते. काटकसर आपल्या वस्तूची करावी, दुसऱ्याच्या अमानतीची नव्हे. सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचवण्याची आज्ञा आहे. पूर्वी अमानत म्हणजे दागिना किंवा रोकड. आज आधारची स्कॅन प्रत आणि मुलीचा फोटोही अमानतच. ऊंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी आधी ऊंट बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले. 'अल्लाह मालिक आहे' म्हणून कागदपत्रे उघड्या संगणकावर ठेवणे हे तवक्कुल नव्हे.

मग जुना संगणक फेकायचा का? मुळीच नाही. कामे वेगळी करायची. इनपेज आणि श्रीलिपीचा संगणक तसाच राहू द्या, फक्त त्याचे इंटरनेट कायमचे काढून टाका. केबलही नको, वायफायही नको. त्यावर फक्त मजकूर सजवावा. फाइल नेण्या-आणण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवावा आणि तो आधी दुसऱ्या, सुरक्षित संगणकावर तपासावा.

अर्ज, आधार, बँक, पोर्टल ही कामे मात्र अपडेट मिळणाऱ्या संगणकावरच करावीत. तो नवाकोरा असलाच पाहिजे असे नाही. थोड्या जुन्या संगणकावर लिनक्स फुकट बसते. आपल्या सी-डॅकनेही भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले आहे. ते नुसते ब्राउझर आणि साध्या टायपिंगला चांगले चालते. नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्टही मोफत आहे.

जुन्या फायली हळूहळू युनिकोडमध्ये आणाव्यात. रोज दहा पाने केली तरी वर्षभरात मोठा ढीग उपसला जातो. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. मराठीत रफार आणि जोडाक्षरे घसरतात, उर्दूत एराब. कुरआनच्या आयती तर परिवर्तकातून कधीच नेऊ नयेत, त्या तपासलेल्या प्रतीवरूनच घ्याव्यात आणि जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. महत्त्वाच्या प्रत्येक कामाची पीडीएफ करून दोन वेगळ्या जागी ठेवावी.

हा प्रश्न दुकानापुरता उरलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभालही संपली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात, एवढीच सवलत. लॉकडाउनमध्ये मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर कोणते विंडोज आहे, ते घरोघरी एकदा पाहावे.

ग्राहक म्हणून आपलीही काही जबाबदारी आहे. काम झाल्यावर "भाईजान, आमची कागदं आमच्यासमोरच काढून टाका, रिसायकल बिनमधूनही" एवढे सांगायला संकोच नको. त्यात अविश्वास नाही, हिशोब आहे. आणि दुसरी गोष्ट दराची. लग्नात जेवणावर लाखभर उडवणारे आपण पत्रिकेच्या छपाईत पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मग दुकानदाराने नवा संगणक घ्यावा अशी अपेक्षा धरतो. हे जमत नाही. जमातीने, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून अर्ज भरण्यापुरता एक चांगला संगणक उभा केला, तर वर्षभर साऱ्या मोहल्ल्याची सोय होईल.

ज्याने आपल्या घरातल्या मोठ्या बहिणीची पत्रिका नस्तालीकमध्ये छापली आणि आता तिच्या मुलीचीही छापतो आहे, त्याने आपली लिपी गावात जिवंत ठेवली आहे. त्याच्या जुन्या संगणकाला हसण्यापेक्षा त्याची इंटरनेटची तार काढायला आणि दुसरा संगणक उभा करायला हातभार लावू या. तंत्र शिकलेली आपली मुले दौंड-पुणे गाडीने रोज शहरात नोकरीला जातात. एखाद्या रविवारी त्यांनी त्या दुकानात तासभर बसावे. पहिल्या दिवशी जुन्या फायलींची एक प्रत काढून दिली, तरी सुरुवात झाली असे समजू.