कुसळ गेलं तर त्याच दिवशी

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण ज्याने केली त्याने शेतात फारसं काम केलेलं नसावं. मुसळाने कुणाचा डोळा गेल्याचं मी ऐकलेलं नाही. कुसळाने गेलेले मात्र पाहिले आहेत.

आमच्या शेजारच्या काकूंचंच घ्या. जनावरांना वाढं काढताना उसाची पात सपकन उजव्या डोळ्याला लागली. त्यांनी पाणी मारलं, पदराचा बोळा करून तोंडाच्या वाफेने शेकला आणि पुन्हा विळा हातात घेतला. तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला, उजेड सोसेना. दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंबांची बाटली आणली. दोन दिवस लाली ओसरली, घरचे म्हणाले, उतार पडला. पंधरवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत फूल पडलं होतं. आज त्या चहा ओततात तेव्हा डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेला लावून ठेवतात. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. कप कुठे आहे हे बोटाने ठरवावं लागतं.

घडलं काय? बुबुळावरचं पारदर्शक पटल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ते काचेसारखं स्वच्छ. नुसता ओरखडा असेल तर दोन-तीन दिवसांत आपोआप भरून येतो. पण पात, कुसळ, भाताचं तूस हे एकटं येत नाही, सोबत बुरशी आणि जंतू घेऊन येतं. ओरखड्यातून ते आत शिरले की जखम चिघळते आणि भरली तरी पांढरा वण ठेवते. हाच वण म्हणजे फूल. दुकानातल्या त्या थेंबांत बहुधा स्टेरॉईड असतं. ते लाली घालवतं, ठणका कमी करतं आणि शरीराचा प्रतिकारही दाबतं. बुरशीला रान मोकळं. बुरशीवरचे थेंब वेगळे असतात. ते सुरुवातीला तासातासाला घालावे लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतो.

डोळ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे मोतीबिंदूबद्दल बोलतात. बोलावंच. पण मोतीबिंदू वाट बघतो. आज नाही तर पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली तरी नजर बहुधा परत येते, आणि तो ‘पिकू द्यायची’ जुनी रीतही आता राहिलेली नाही. काचबिंदू मुकाट नजर कुरतडतो, गेलेली परत देत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवीच. या सगळ्यांना महिन्यांची मुदत असते. कुसळाला तासांची.

हे मी मनाचं सांगत नाही. नेपाळमधल्या भक्तपूरला 1990च्या दशकात गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून एक प्रयोग झाला. डोळ्याला ओरखडा आलेला माणूस आला की त्याला क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम द्यायचं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. असे 442 जण आले. 18 तासांच्या आत मलम सुरू झालेले 284 होते, त्यांतल्या एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. 18 ते 24 तासांत आलेल्या 109 जणांपैकी चौघांची चिघळली. दुसऱ्या दिवसावर गेलेल्या 49 जणांपैकी 14 जणांची! मलम तेच, हात तेच, फरक फक्त घड्याळाचा.

मग आपल्या उसाच्या फडात हे का होऊ नये? अडचण मला माहीत आहे. बीडकडून आलेली टोळी उचल घेऊन आलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा. मजुरी बुडते आणि वर दंड. डोळा खुपतो म्हणून तालुक्याला जायचं कुणी सुचवलं तर कोपीतली बाई हसते. गॉगल घाला म्हणावं तर घामाने काच धुरकटते आणि कोयता धड दिसत नाही, हेही खरं. तरी पांढऱ्या काचेचा, बाजूने झाकलेला गॉगल वाढं काढताना, मोळी उचलताना, मळणीयंत्रासमोर घालता येतो. वेल्डिंग आणि ग्राइंडरवाल्यांनी तर त्याशिवाय यंत्राला हातच लावू नये.

मुकादमांनो, डोळ्याचा खाडा कापू नका. हे एवढं केलंत तरी अर्धं काम होईल. औषध दुकानदारांनो, लाल डोळा घेऊन कोयतेकरी आला तर बाटली काढायच्या आधी विचारा, पात लागली का? लागली असेल तर त्याला ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडे धाडा. आयाबायांनो, डोळ्यात तूप, मध, अंगावरचं दूध घालू नका. जिभेने कुसळ काढणारी जाणती बाई गावोगाव असते. तिचा मान राखा, पण तिच्याकडे जाऊ नका. डोळा चोळू नका, पट्टी बांधू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी निघा. काही रुतून बसलं असेल किंवा बुबुळ फाटल्यासारखं दिसत असेल तर धूतही बसू नका, मलमही लावू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि साखर कारखान्यांच्या संचालकांनो, तुमच्याकडे खास मागणं आहे. आशाताई प्रत्येक फडात पोचत नाहीत, उसाच्या पावत्या देणारा तुमचा चिटबॉय पोचतो. त्याला कारखान्याच्या डॉक्टरांकडून एक दिवस शिकवून घ्या, कुणाला मलम द्यायचं आणि कुणाला लगेच गाडीत बसवायचं ते. हंगामाच्या तोंडावर बॉयलर पेटवायचा समारंभ होतो, फेटे बांधले जातात, मोळी टाकताना फोटो निघतात. त्याच मांडवात टोळीला गॉगल वाटा. आणि नारळ फुटला की चिटबॉयच्या पिशवीत पावतीपुस्तकाशेजारी मलमाच्या चार ट्यूबा पडू द्या.