लग्नानंतरची तुळस

तुळशीच्या लग्नाची हौस आमच्या आदिलाबादेत कमी झालेली नाही, उलट वाढलीच आहे. पैनगंगेच्या अलीकडच्या जैनद-बेला भागातल्या खेड्यांपासून शहरातल्या फ्लॅटच्या गॅलरीपर्यंत कार्तिकी द्वादशी ते पौर्णिमा उसाचा मांडव, बोरं-चिंचा-आवळे, अंतरपाट, मंगलाष्टकं असं सगळं साग्रसंगीत होतं. शेजारच्या तेलुगू घरी द्वादशीलाच क्षीराब्दी द्वादशी असते. त्या वहिनी विष्णू म्हणून आवळ्याची फांदी तुळशीपाशी रोवतात, आम्ही पाटावर बाळकृष्ण ठेवतो. प्रसादाच्या वाट्या कुंपणावरून इकडून तिकडे जातात. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडून आम्ही आंध्रात गेलो, २०१४ला तेलंगणात आलो. वाट्यांना त्याचं काही नाही.

माझी तक्रार लग्नानंतरची आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाला जावं, तर अर्ध्या अंगणांत वृंदावनात नुसत्या काड्या! मग कुजबूज सुरू होते, तुळस वाळली म्हणजे घरावर काही येणार. अहो, काय येणार? थंडी आलीय. तुळस उबेचं झाड, आणि इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी ५-६ अंशांवर उतरतो. त्यात बुंध्याशी ओतलेलं दूध, हळदकुंकवाचा लगदा, आणि कुंडीत आपली कापसाची काळी माती. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा. मुळं कुजतील नाहीतर काय!

आमच्या सासूबाई पूजेला बसण्याआधी मंजिऱ्या खुडून तबकात घेत आणि त्याच देवाला वाहत. बी धरलं की झाडाचा सगळा जीव बियांत जातो, फूट थांबते, खोड लाकडासारखं होतं. मंजिरी खुडली की खालून दोन कोंब फुटतात. आता मात्र फोटोत भरगच्च दिसावी म्हणून मंजिऱ्या तशाच ठेवतात, आणि लग्न झाल्यावर तिकडे बघायला कुणाला वेळ नसतो. गुरुजींना दक्षिणा देताना कुणी हात आखडत नाही. शेणखत आणायचं म्हटलं की मात्र उद्यावर जातं.

काळ्या मातीत तिसरा हिस्सा वाळू आणि कुजलेलं शेणखत घाला. दूध-कुंकू पाटावरच राहू द्या. हिवाळ्यात पाणी सकाळी, तेही माती वरून सुकल्यावरच. रात्री कुंडी आत घ्या, वृंदावन असेल तर गोणपाट पांघरा. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा दुपारपुरतं जुनं सुती लुगडं वर ताणून बांधा. लग्नातला जरीचा शालू तेवढा नको, जर तापते.