दुसरे कलम आपल्यालाही लागू आहे



१९५९-६० च्या हिवाळ्यात युरोपातल्या सिनेगॉगांच्या भिंतींवर पुन्हा नाझी चिन्हे रंगवली गेली. जग हादरले. संयुक्त राष्ट्रांत वंशभेदाविरुद्धचा करार १९६५ मध्ये झालाही. धर्मभेदाविरुद्ध मात्र २५ नोव्हेंबर १९८१ पर्यंत थांबावे लागले आणि हाती आला नुसता जाहीरनामा. बंधनकारक करार आजही नाही.

तरी त्याचे दुसरे कलम मोलाचे आहे. धर्मावरून भेदभाव सरकारने करू नये, तसाच कोणत्याही संस्थेने, समूहाने किंवा व्यक्तीनेही करू नये, असे ते सांगते. भेदभाव घरचेही करतात, हे आपल्याला आधीच ठाऊक होते. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटने आपल्या लग्नांआधी आई-आजीच्या पिढ्यांची चौकशी लावली. आपली माणसे रस्त्यावर उतरली. १९६४ मध्ये क्नेसेट आपल्या बाजूने उभी राहिली आणि रब्बीनेटला हुकूम बदलावा लागला.

ही गोष्ट आपण मुलांना छाती फुगवून सांगतो. पण कोकणात आणि मुंबईत 'गोरे इस्राएल', 'काळे इस्राएल' हा भेद कोणी पाळला? ज्यांना 'काळे' म्हटले त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत नाही, हा नियम कोणत्या रब्बीने घातला होता? तो आपणच घातला होता. वंशाची शुद्धता तपासणाऱ्यांवर आपण चिडलो, तेव्हा तोच तराजू आपल्याही घरात होता.

जुन्या गोष्टी कशाला उकरता, असे कोणी म्हणेल. मग १९६४ तरी का उकरायचे? सांगायचे तर दोन्ही सांगा.