समुद्रावरचे बंड आणि बॉयलरपाशी उभा असलेला माणूस

विज्ञानकथांतील पाणबुड्या, निळेहिरवे रंगविलेले केस आणि लोकरीची प्रवाळे यांच्याविषयी या पानावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न उभे असताना असल्या विषयांत वेळ का दवडावा, असेही कोणी विचारील. परंतु बंडाची कल्पना तरुण मनात कोणत्या रूपाने शिरते आणि पुढे बाजारात तिचा माल कसा होतो, हा प्रश्न आपल्या विचारक्षेत्राबाहेरचा खचित नाही. इंग्लंड-अमेरिकेत ‘पंक’ या शब्दाचे शेपूट लावून ज्या अनेक शैली गेल्या काही दशकांत पसरल्या, त्यांपैकी समुद्राला वाहिलेल्या शैली या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत.

आपल्याकडे पंक म्हणजे चिखल. इंग्रजीतला पंकही सन्मानाचा शब्द नव्हे. कुचकामी, उनाड पोर असा त्याचा अर्थ. १९७६च्या सुमारास लंडनमधील वैतागलेल्या तरुणांनी ही शिवी आपण होऊन धारण केली. कर्कश संगीत, फाटके कपडे, त्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना आणि स्वतः छापलेली पत्रके ही त्यांची साधने होती. तयार मालाची वाट न पाहता हवे ते आपल्या हाताने करावे, हे त्यांचे सूत्र. पुढे हा शब्द साहित्यात गेला. ब्रूस बेथकी यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या कथेच्या शीर्षकातून ‘सायबरपंक’ आला. १९८७ साली के. डब्ल्यू. जीटर यांनी स्वतःच्या व आपल्या मित्रांच्या व्हिक्टोरियन वळणाच्या कथांना अर्ध्या थट्टेने ‘स्टीमपंक’ म्हटले. वाफेची यंत्रे आणि पितळी नळ्या यांच्या या काल्पनिक जगाचा एक मोठा फाटा समुद्रात उतरतो. लोखंडी पाणबुड्या, पाणबुड्या माणसांची पितळी शिरस्त्राणे, तरंगती शहरे आणि चाचे ही त्याची सामग्री.

या फाट्याचा मूळपुरुष म्हणजे ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो. त्याचा इतिहास आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. व्हर्नला हा नायक रशियाच्या झारशाहीविरुद्ध उठलेला पोलिश उमराव करावयाचा होता. प्रकाशक हेत्झेल याने आक्षेप घेतला, कारण रशियातील ग्राहक गमावणे त्याला परवडणारे नव्हते. त्यामुळे १८६९-७०च्या पहिल्या कादंबरीत निमोला देशच राहिला नाही. १८७४-७५च्या ‘द मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत मात्र व्हर्नने त्याची ओळख उघड केली. निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. १८५७च्या उठावात लढलेला आणि आपले सर्वस्व गमावून समुद्राच्या पोटात गेलेला. या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा इंग्रजी राज्यावरील निमोची टीका त्यात बोथट करण्यात आली. १९५४ साली डिस्ने कंपनीने काढलेल्या चित्रपटात तर त्याचे हिंदीपण पूर्णपणे पुसले गेले. रिव्हेट ठोकलेल्या पत्र्यांची जी पाणबुडी आज स्टीमपंकची खूण मानली जाते, ती याच चित्रपटातली. १९९९ साली ॲलन मूर आणि केविन ओनील यांनी आपल्या चित्रकथेत निमोला पुन्हा हिंदी केले, आणि तिच्यावरून निघालेल्या २००३च्या चित्रपटात ती भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. एका काल्पनिक बंडखोराचा देश कोणता, हे सव्वाशे वर्षे कथेच्या गरजेपेक्षा ग्राहकाच्या सोयीने ठरत आले.

निमोविषयी आपल्याला आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. तो क्रीटच्या बंडखोरांना सोने पाठवतो आणि सिलोनच्या गरीब मोती काढणाऱ्याला शार्कच्या तोंडातून वाचवून मोत्यांची पिशवी देतो. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कादंबरीत आणखी एक गोष्ट दिसते. निमोची पाणबुडी जगभरच्या कारखान्यांतून सुटे भाग मागवून एका निर्जन बेटावर जोडलेली आहे. ज्यांनी ते भाग घडविले त्यांना आपण काय घडवितो हे ठाऊक नाही आणि ज्यांनी ते जोडले व नंतर चालविले त्या सोबत्यांची नावे वाचकाला कधी कळत नाहीत. निमो सूडाने जी युद्धनौका बुडवितो, तिच्या खलाशांना बुडताना आपण पाहतो. त्यांनी तर कोणतेच साम्राज्य उभारलेले नव्हते. साम्राज्यशाहीविरुद्धचे एका राजपुत्राचे हे बंड आहे. त्यात श्रम करणारा माणूस दोन्ही बाजूंना आहे आणि दोन्ही बाजूंना तो मुका आहे.

हा मुकेपणा पुढे संपूर्ण शैलीतच उतरला. स्टीमपंकला वाफ हवी असते, परंतु त्या वाफेसाठी कोळसा कोण टाकीत होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक ‘लास्कर’ म्हणजे मुख्यतः हिंदी खलाशी होते. डेकवर सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली रत्नागिरीकडची माणसे असत, तर खाली भट्टीपाशी आगवाले म्हणून पंजाब आणि सिल्हेट येथील शेतकऱ्यांची मुले. त्यांचे वेतन गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या एक-तृतीयांशापेक्षाही अनेकदा कमी भरे. कोकणातल्या कित्येक घरांच्या भिंती या वेतनातून उभ्या राहिल्या. स्टीमपंकच्या मेळाव्यात हौशी माणूस पितळी चष्मा आणि कप्तानाची टोपी घालून येतो. आगवाल्याचा पंचा गुंडाळून आलेला हौशी सहसा दिसणार नाही.

वेषभूषेच्या क्षेत्रातही हेच घडले. ज्या व्हिव्हियन वेस्टवुड यांनी माल्कम मक्लॅरन यांच्यासह किंग्ज रोडवरील दुकानातून पंकचे कपडे प्रथम विकले, त्यांनीच १९८१ साली लंडनला ‘पायरेट’ या नावाने चाचेगिरीच्या वळणाचे ढगळ सदरे, विजारी आणि त्रिकोणी टोप्या मंचावर आणल्या. आज ते कपडे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेले आहेत. बंडाची फेरी दुकानातून निघून पाच-सात वर्षांत फॅशनच्या मंचावर आणि तेथून काचेच्या कपाटात पूर्ण झाली. पुढच्या पिढीत ही फेरी आणखी जलद झाली. २०११ साली इंटरनेटवरील एका थट्टेतून ‘सीपंक’ जन्मले. चामडी जाकिटावर धातूच्या खिळ्यांऐवजी खडकावरच्या बार्नॅकल शिंपा लावाव्यात, अशी ती कल्पना. समुद्राच्या रंगाचे केस, डॉल्फिनची चित्रे आणि यंत्रसंगीत एवढाच तिचा पसारा. २०१२च्या नोव्हेंबरात रिहाना या गायिकेने अमेरिकन दूरचित्रवाणीवर याच चित्रांच्या पार्श्वभूमीवर गाणे सादर केले, तेव्हा आपली शैली चोरली गेली अशी तक्रार मूळ मंडळींनी केली. दीड वर्षात बंडाचा माल झाला आणि मालाचा हंगामही संपला. ज्या बंडाला मागणी नाही, संघटना नाही आणि प्रतिपक्षही नाही, त्याच्यापाशी बाजाराला अडविण्यासारखे काहीच नसते.

परंतु चाच्यांकडे तरुणांनी ओढले जावे, यात निव्वळ भाबडेपणा आहे असे मी मानीत नाही. मार्कस रेडिकर या अमेरिकन इतिहासकाराने १९८७ पासूनच्या आपल्या ग्रंथांत अठराव्या शतकातील खलाशांच्या आयुष्याचा जो अभ्यास केला, त्यातून निराळेच चित्र पुढे येते. फटके, उपासमार आणि बुडविलेले वेतन यांना विटलेले खलाशी चाच्यांत सामील होत. बार्थॉलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरील करारानुसार प्रत्येकाला मत होते. कप्तानाचा वाटा सामान्य खलाशाच्या दुप्पट, त्याहून अधिक नाही. आणि हातपाय गमावणाऱ्यास सामाईक निधीतून आठशे डॉलर भरपाई होती. त्या काळच्या कोणत्या व्यापारी कंपनीने असे कलम मान्य केले असते? मात्र याच रॉबर्ट्सच्या माणसांनी १७२२ साली पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खंडणी न मिळाल्याने एक जहाज पेटविले आणि त्यात साखळदंडांनी बांधलेले सुमारे ऐंशी गुलाम होते. समता जहाजाच्या कठड्यापाशी संपत होती. चाच्याचा सदरा विकणाऱ्या दुकानाला यांतले पहिले सत्यही नको असते आणि दुसरेही.

समुद्राचे हे स्वप्न धनिकांनाही पडते आणि त्यांच्या स्वप्नाला पैसा मिळतो. २००८ साली पॅट्री फ्रीडमन यांनी एका सहकाऱ्यासह ‘सीस्टेडिंग इन्स्टिट्यूट’ स्थापिली. कर आणि कायदे यांपासून मुक्त अशी तरंगती नगरे वसविणे हा तिचा उद्देश. संस्थापक हे मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाचे नातू आहेत आणि आरंभी पीटर थील या उद्योगपतीने पाच लाख डॉलर दिले. २०१७ साली फ्रेंच पॉलिनेशियाच्या सरकारशी झालेला समझोता तेथील लोकांच्या नाराजीनंतर पुढच्याच वर्षी बारगळला. २०१९ साली थायलंडच्या किनाऱ्यालगत एका जोडप्याने अशाच विचाराने उभारलेली तरंगती खोली तेथील नौदलाने ओढून नेली. या मंडळींना हसावे, तर ध्यानात घ्यावे की त्यांचे अर्धे स्वप्न केव्हाच साकार झालेले आहे. जगातील व्यापारी जहाजांच्या एकूण भारक्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीनच ध्वजांखाली नोंदलेली आहे. मालक एका देशाचा, ध्वज दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचा. वेतन थकले तर दाद कोठे मागावी, हे त्या खलाशाला समजू नये अशीच ही रचना आहे.

या स्वप्नाचे उत्तम खंडन मला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आढळले नाही. ते ‘बायोशॉक’ या २००७च्या संगणक-खेळात आहे. त्यात समुद्रतळाशी रॅप्चर नावाचे नगर आहे. ज्याला त्याला आपल्या कर्तृत्वाचे पूर्ण फळ मिळावे, दुर्बलांचा भार कोणावर पडू नये, हे तेथील तत्त्व आणि त्यामागील आयन रँडच्या विचारांची छाया लपविलेली नाही. सगळेच उद्योगपती व्हायला आलेले; मग संडास कोणी घासावेत, याचा विचार कोणी केलेला नाही. तेथूनच नगराचा ऱ्हास सुरू होतो. चायना मिव्हिल या ब्रिटिश समाजवादी लेखकाची २००२ची ‘द स्कार’ ही कादंबरी याहून खोल जाते. पळविलेली जहाजे एकमेकांना बांधून केलेले ‘अर्माडा’ हे तिच्यातील तरंगते शहर. वसाहतीकडे गुलाम म्हणून नेले जाणारे कैदी तेथे पोचताच मुक्त नागरिक होतात, परंतु शहर सोडून जाण्याची मुभा कोणालाच नसते. कालच्या कैद्याला ते घर वाटते, तर कालच्या सुखवस्तू प्रवाशाला तुरुंग. स्वातंत्र्याची किंमत कोण कोठे उभे राहून मोजतो, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या राजकीय निबंधांत आले असेल.

हस्तकलेत या शैलीची जमेची बाजू अधिक ठळक दिसते. व्हर्नचे जन्मगाव असलेल्या नांत शहरातील जहाजबांधणीचे कारखाने १९८७ साली बंद झाले. त्या जागेवर कारागीर लाकूड आणि धातू यांची चालती यंत्रे २००७ पासून दाखवीत आहेत. २०१२ साली तेथे सागरी प्राण्यांचा सुमारे पंचवीस मीटर उंचीचा तीन मजली रहाटपाळणा उभा राहिला. यंत्रे पाहून मन प्रसन्न होते. तरी जहाज बांधणाऱ्या शहराने जहाजांची खेळणी करून पोट भरावे, यात एका वर्गाचा पराभव आहे, हे विसरू नये. तेथील निवृत्त कामगारांनी संघटित होऊन गोदीच्या खुणा आणि आपल्या श्रमाची स्मृती राखली, म्हणून तरी त्या पाळण्याखालच्या जमिनीला इतिहास उरला. दुसरे उदाहरण मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या ऑस्ट्रेलियन बहिणींचे. ग्रेट बॅरिअर रीफची प्रवाळे तापत्या समुद्रात पांढरी पडत असल्याचे पाहून त्यांनी २००५ पासून क्रोशाने प्रवाळ विणण्याचा उपक्रम चालविला. पंक हे नाव त्यांनी लावले नाही. पण आपल्या हाताने करावे आणि मिळून करावे, हे सूत्र तेच. जर्मनीतील बाडेन-बाडेन येथील २०२२च्या प्रदर्शनासाठी सुमारे चार हजार जणांनी, बहुतांशी स्त्रियांनी, विणकाम केले आणि त्यांची नावे तेथे लावली गेली. निमोच्या सोबत्यांना जे मिळाले नाही ते या विणणाऱ्यांना मिळाले.

माझे म्हणणे एवढेच, की या शैलींना नाक मुरडण्यापूर्वी त्यांना एक प्रश्न विचारावा: या जहाजावर बॉयलरपाशी कोण उभा आहे, त्याला नाव आहे काय आणि तो बोलतो काय? ज्या कलाकृतीत उत्तर होकारार्थी आहे ती आपल्या तरुणांच्या हाती द्यावी आणि आपणही वाचावी. आणि ज्यांना असे काही लिहावयाचे आहे, त्यांना सामग्रीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरील सैनिकांनी निकृष्ट अन्न आणि वांशिक शिवीगाळ यांविरुद्ध काम थांबविले. त्यांनी आपली संप-समिती निवडली, जहाजांवरचे इंग्रजी निशाण उतरविले आणि चार दिवसांनी गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. त्या गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. त्या बंडाचे सदरे कोणी विकले नाहीत, कारण त्या बंडाला मागणी होती, संघटना होती आणि प्रतिपक्षही होता. मराठीत समुद्रावरच्या बंडाची नवी कथा लिहिली जाईल तेव्हा तिची सुरुवात कप्तानाच्या केबिनीत न होता त्या सैनिकांच्या जेवणाच्या रांगेत व्हावी.