अंगठा, सही आणि वाचन

सुप्याचें नांव इतिहासांत दोन कारणांनीं येतें. पहिलें कारण शहाजीराजांची पुणें व सुपें परगण्यांची जहागीर. तें सर्वांस ठाऊक आहे व त्याचा अभिमान आम्ही सर्वच बाळगितों. दुसरें कारण आमच्या बोलण्यांत क्वचितच निघतें. तारीख १२ मे १८७५ रोजीं आसपासच्या गांवांचे कुणबी सुप्यास जमले, त्यांनीं सावकारांचीं दुकानें व घरें गांठलीं आणि कर्जरोखे व खातेवह्या बाहेर काढा अशी मागणी केली. जे कागद हातीं आले ते जाळून टाकले. तेथून हें लोण पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमिलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जाच्या बाबतींत दाद देणारा कायदा झाला.

या दंग्याचीं कारणें पुष्कळ होतीं. अमेरिकेंतील यादवी १८६५ सालीं संपल्यावर कापसाचा भाव उतरला. इंदापुराकडे १८६७ सालीं फेरआकारणी होऊन साऱ्याचा बोजा वाढला. हीं कारणें पुस्तकांत लिहिलेलीं आहेत. परंतु कुणब्यानें धान्याच्या पोत्यांबरोबर, किंबहुना त्यांच्याही आधीं, कागदावर हात कां टाकला, याचा विचार आमच्या वाचकांनीं करावा. ज्यास कागद वाचतां येतो तो त्यांतील खोटें दाखवून देतो. ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास तो जाळण्यावांचून दुसरा मार्ग सुचत नाहीं.

त्या कागदांत होतें तरी काय? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु असा कीं, व्याज सांचून ऋणको बुडूं नये. सावकारानें त्यावर तोड काढली. तीन वर्षें भरत आलीं म्हणजे जुना रोखा फाडावयाचा आणि व्याज मुद्दलांत घालून नवा लिहून घ्यावयाचा. दरमहा शेंकडा दोन या दरानें हिशेब करून पाहा. शंभर रुपयांचे तीन वर्षांनीं १७२ होतात. त्याच १७२ चा नवा रोखा केला कीं सहा वर्षांनीं सुमारें २९६, आणि नऊ वर्षांनीं सुमारें ५०९. सरळ व्याजानें नऊ वर्षांत ३१६ च झाले असते. हा जो १९३ रुपयांचा फरक, तो अंगठा उठविणाऱ्यास कधींच दिसला नाहीं. त्याच्या लेखीं रोखा तोच, सावकार तोच आणि अंगठाही तोच.

१८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्यास पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा व खात्याची वही स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क दिला. दस्तऐवज गांवच्या निबंधकासमक्ष लिहिला जावा असेंही ठरविलें. कायदा करणारांनीं रोग बरोबर ओळखिला होता. परंतु वही घरीं आली तरी ती वाचणारे डोळे कायद्याला देतां येत नाहींत. ते शेजाऱ्यानें शेजाऱ्यास द्यावयाचे असतात.

हा सर्व जुना इतिहास आज कशासाठीं, असें कोणी म्हणेल. सावकारी वह्या गेल्या, बँका व सोसायट्या आल्या, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्रांत सात वर्षांवरील शंभर माणसांपैकीं ८२ साक्षर आहेत. पण त्याच खानेसुमारींत पुरुष सुमारें ८८ आणि स्त्रिया सुमारें ७६ आहेत, हेंही वाचावें. म्हणजे चार बायांमागें एक निरक्षर. शिवाय खानेसुमारींत घरचा माणूस सांगेल तें लिहिलें जातें. वाचून दाखवा असें कोणी म्हणत नाहीं.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. जुन्या दस्तांवर कुणबी आपल्या नांवापुढें नांगराची निशाणी करीत असे, हें आम्हीं वाचलें आहे. पुढें नांगर जाऊन डाव्या हाताचा अंगठा आला, आणि आतां पुष्कळ ठिकाणीं अंगठा जाऊन सही आली. लोक याला सुधारणा म्हणतात. आमचें मत निराळें आहे. अंगठा पाहिला कीं लिहिणारा थोडा थबकतो; मजकूर वाचून दाखविला काय, ओळख पटविणारा कोण, हें विचारितो. सही पाहिली कीं कोणी कांहीं विचारीत नाहीं. जिनें आपलें नांव चित्रासारखें गिरवून पाठ केलें आहे, पण वरचा मजकूर जिला वाचतां येत नाहीं, ती बाई अंगठेवाल्या बाईपेक्षां अधिक धोक्यांत आहे. 'सही करतां येते' एवढ्यानें जिची गणना साक्षरांत झाली, तिच्या बचावाची एक भिंत आम्हींच पाडली, आणि नवी बांधली नाहीं.

आणखी एक गोष्ट कटु आहे, तरी लिहिणें भाग आहे. १८७५ सालीं लेखणी सावकाराच्या हातीं होती. आज ती कोणाच्या हातीं आहे? या मासिकाच्या वाचकांच्या, म्हणजे आमच्या. घरांतील म्हातारीस, विधवा भावजयीस, सासरीं गेलेल्या बहिणीस, बांधावरच्या मजुरास कागद वाचून दाखविणारे आम्हीच. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित जमिनींत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला. त्यानंतर हक्कसोडपत्रें थोडीं झालीं नाहींत. त्यांपैकीं कितीएक राजीखुषीचीं असतील. पण दस्त करून देणारीस दस्तांत काय आहे हें माहीत नव्हतें, असेंही आम्हीं कचेरींत बसून पाहिलें आहे. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात. नोटीस घरीं येते आणि ज्याच्या लाभाची नोंद तोच ती वाचून 'कांहीं नाहीं, सरकारी कागद आहे' म्हणून फडताळांत ठेवितो. सुप्याच्या कुणब्यांनीं ज्याच्या दारावर मोर्चा नेला, त्याची जागा आपण घेतली आहे कीं काय, हें प्रत्येक लिहित्या शेतकऱ्यानें एकदां स्वतःस विचारावें.

यावर उपाय नवा नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली ती १८५५ सालीं. सातारा जिल्ह्यांत १९५९ सालीं ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली व १९६१ पासून ती राज्यभर पसरली. गांव साक्षर झालें कीं ग्रामगौरव समारंभ होई. त्या मोहिमेनें पुष्कळांस अक्षर दिलें. पण समारंभ झाल्यावर वाचावयास कांहीं उरलें नाहीं, आणि पुष्कळजण पुन्हां होते तेथेंच गेले. अलीकडे ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतील फांगणे गांवीं ८ मार्च २०१६ पासून साठीपुढील आज्यांची शाळा भरूं लागली, व तिचें नांव सर्वत्र झालें. चालू सरकारी योजना नवभारत साक्षरता कार्यक्रमाची, जिला 'उल्लास' म्हणतात. पंधरा वर्षांवरील निरक्षरांस स्वयंसेवकांनीं विनावेतन शिकवावें अशी तिची रचना आहे. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांस प्रत्येकीं पन्नास असे दीडशें गुणांची चांचणी असते. महाराष्ट्रांत ती प्रथम १७ मार्च २०२४ रोजीं झाली.

योजना चांगली आहे. उणीव स्वयंसेवकांची आहे, आणि ती कागदावर नव्हे तर ओसरीवर. नांव नोंदविणें सोपें, पण आठवड्यांतून चार रात्री पांच माणसांपुढें बसणें अवघड. तें काम शाळेच्या मास्तरांवर ढकलून आम्हीं मोकळे होऊं नये. मास्तरांस दिवसभर मुलें आहेत. शिवाय ज्या बाईस सोसायटीच्या पासबुकांतील आंकडा समजून घ्यावयाचा आहे, तिला तो समजावून सांगण्यास आम्हीच अधिक योग्य. कारण तसलेंच पासबुक आमच्याही घरीं आहे.

आतां शिकवावें कसें, याविषयीं थोडें. प्रौढ माणूस म्हणजे मोठें झालेलें मूल नव्हे. ज्यानें चाळीस वर्षें बाजार केला, त्याला हिशेब शिकवावयाचा नसतो, लिहिलेला आंकडा ओळखावयास शिकवावयाचें असतें. जुन्या माणसांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असत; शाळेंत न गेलेल्या बाया आजही पायलीचा भाव मनांत बसवून मोकळ्या होतात. तेव्हां पहिल्या दिवशीं पाटीवर बेरजा मांडूं नयेत. त्यांनीं तोंडानें केलेला हिशेब आपण त्यांच्यादेखत लिहावा, म्हणजे आपल्या डोक्यांतलेंच कागदावर उतरलें हें त्यांस कळेल, व भीड जाईल.

पुस्तकाबरोबर घरचे कागद घ्यावे. कांद्याची पट्टी घ्यावी: गोण्या किती, वजन किती, क्विंटलास भाव काय, हमाली व तोलाई किती वजा झाली. उसाची वजनपावती घ्यावी, वीजबिल घ्यावें. आणि सातबारा तर अवश्य घ्यावा. त्याच्या क्षेत्राच्या आंकड्यांत लिहितीं माणसेंही फसतात. १.२० हा आंकडा एक एकर वीस गुंठे असा वाचला जातो; तो वस्तुतः एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर असतो. एकरास चाळीस गुंठे, हेक्टरास शंभर आर, आणि गुंठा व आर जवळजवळ सारखे, एवढें पक्कें झालें कीं निम्मी जमीन बोलण्यांत हरवत नाहीं. मग 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा कोणाचा, आणि आपलें नांव आहे कीं नाहीं, हें स्वतः बोट ठेवून वाचावें. ज्या दिवशीं एखादी म्हातारी आपलें नांव सातबाऱ्यावर स्वतः शोधील, त्या दिवशीं तिची चांचणी झाली असें समजावें. सही मात्र शेवटीं शिकवावी, आणि वाचल्यावांचून ती करावयाची नाहीं ही शपथ तिच्याबरोबरच शिकवावी.

काळवेळ ज्यानें त्यानें पाहावी. पेरणी व सुगी सोडून, पेठेच्या दिवशीं सुटी ठेवून, जेवणें उरकल्यावर तासभर पुरे. बायांचा वर्ग बाईनें घ्यावा. घरांत दहावी-बारावी झालेली सून असेल तर तिच्यासारखी शिक्षिका नाहीं. सासू सुनेपुढें पाटी घेऊन बसणार नाहीं असें कोणी म्हणेल, तर दोन शेजारघरांनीं सासवांची अदलाबदल करावी.

आक्षेप दोन ऐकूं येतात. एक, 'आतां वय झालें.' वय झालें म्हणूनच वांटणी, वारस व मृत्युपत्र यांचे कागद पुढें येतात; वाचण्याची गरज तरुणपणापेक्षां आतां जास्त आहे. दुसरा, 'मोबाइल आतां बोलून दाखवितो, वाचावें कशाला?' मोबाइल बोलतो हें खरें, पण कोण बोलतो तें तो सांगत नाहीं. बँकेंतून बोलतों म्हणून संदेशांतला आंकडा विचारून घेणारे चोर याच मोबाइलांतून येतात, आणि ज्यास तो संदेश वाचतां येत नाहीं तो दुसऱ्याच्या हातीं यंत्रच देऊन बसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद स्वतः शेतकऱ्यानें करावी असें ठरलें. नोंद स्वतःची आणि बोट दुसऱ्याचें, ही स्थिति जुन्या रोख्याहून फार निराळी नाहीं.

आमच्या सोसायटीच्या सभासदांस एवढीच सूचना आहे कीं, येत्या हंगामानंतर ज्यास ज्यास लिहितां वाचतां येतें त्यानें पांच माणसें घ्यावीं, आणि त्यांत निदान एक आपल्याच घरचें असावें. त्या घरच्या माणसास शिकविण्याची ज्यास धास्ती वाटेल, त्यानें त्या धास्तीचें कारण आपल्या फडताळांतील कागदांत शोधावें.