थर्माकोलचा ज्वालामुखी

माध्यमिक शाळेतील कला आणि विज्ञान उपक्रमांचे वेळापत्रक महाराष्ट्रभर जवळपास सारखेच असते. पावसाळा सरताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा, नंतर कधीतरी तालुका विज्ञान प्रदर्शन, थंडीत स्नेहसंमेलन आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. प्रदर्शनात एक वस्तू न चुकता हजेरी लावते: थर्माकोलचा ज्वालामुखी. रंगवलेल्या डोंगराच्या तोंडात खायचा सोडा, वरून व्हिनेगर, चिमूटभर लाल रंग. फेस उसळतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. मनात सलत राहणारी गोष्ट हीच.

या डोंगरात जे घडते ती आम्ल आणि अल्कधर्मी पदार्थाची साधी अभिक्रिया असते. ज्वालामुखीशी तिचे नाते फक्त आकाराचे. पुष्कळदा तर डोंगरही मुलाने केलेला नसतो. स्टेशनरीच्या दुकानात प्रतिकृती तयार मिळते, माहितीचा तक्ता छापून मिळतो आणि मुलाच्या वाट्याला पाठांतर उरते. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हेही मांडवात कुणाला आठवत नाही.

हा देखावा बुलढाणा जिल्ह्यात अधिकच विचित्र दिसतो. सिंदखेड राजा तालुक्यातले साखरखेर्डा घ्या. इतिहासात ते १७२४ च्या लढाईसाठी ओळखले जाते. निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा येथे पराभव केला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला गेला. पण या गावाच्या शाळकरी मुलाच्या पायाखाली त्याहून फार जुने प्रकरण आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा. विहीर खणताना तो लागतो, बांधावर तो रचलेला असतो. खरा ज्वालामुखी असा दाराशी पडलेला असताना शाळा त्याची नक्कल विकत आणते.

शेजारच्या लोणार तालुक्यात याच पाषाणावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे तोंड असावे असेच पुष्कळांना दीर्घकाळ वाटत होते. प्रचंड आघाताच्या दाबाने बनणारी काच तेथे सापडली, तेव्हा उल्कापाताचे मत पक्के झाले. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले आणि गावोगाव तर्क चालले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण दाखवले. तर्क, नमुना, तपासणी, निष्कर्ष ही सारी वाट येथे घराजवळच उलगडली. लोणारला सहली मात्र पूर्वीसारख्याच जातात आणि कठड्यावर रांगेत उभे राहून फोटो काढून परत येतात.

दुसरे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. समाजमाध्यमांवर ‘टक्कल व्हायरस’ धावला. संशय आधी पाण्यावर आला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. कोणत्या घरात काय खाल्ले जाते, पाणी कुठले, आधी कोणाला त्रास झाला, एवढी यादी नववीतला वर्ग सहज करू शकतो. ती विज्ञान प्रदर्शनात मांडली गेली असती, तर तिच्यापुढे कोणतीही फिरती पवनचक्की फिकी पडली असती.

पावसाचेही तेच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि नुकसानभरपाईच्या चर्चेत हा आकडा सतत येतो. पण मंडळात गावे अनेक आणि पाऊस प्रत्येक शिवारात वेगळा. सरळ बाजूंची बाटली, पट्टी आणि एक वही एवढ्या सामानावर शाळा जूनअखेरपासून दसऱ्यापर्यंत रोजचा पाऊस मोजू शकते. सरकारी मापकाची जागा ती वही घेणार नाही, पण सोयाबीन हातचे गेलेल्या बापाला आकड्याचा अर्थ मुलगी समजावून सांगू शकेल.

कलेकडे वळले तरी दुखणे तेच. रेखाकला परीक्षा मुळात चांगल्या घडणीची आहे: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि त्यांच्या जोडीला भूमिती व अक्षरलेखन. चित्र आणि गणित एकाच परीक्षेत बसवणाऱ्यांना पुष्कळ कळत होते. आता इंटरमिजिएटच्या अ, ब आणि क श्रेणीला दहावीत अनुक्रमे ७, ५ आणि ३ वाढीव गुण मिळतात, आणि पुष्कळ घरांत परीक्षेची ओळख तेवढ्यापुरतीच उरली आहे. मग तोच घडा, तेच वांगे, तेच ‘बाजारातील दृश्य’ घोटून घेतले जाते.

वास्तविक सिंदखेड राजात २०२४ मध्ये लखुजी जाधवरावांच्या छत्रीच्या संवर्धनाचे काम सुरू असताना पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. लांबी सुमारे १.७ मीटर, उंची साधारण एक मीटर. ती इथल्या काळ्या पाषाणाची नाही. क्लोराइट शिस्ट या मऊ दगडाची आहे, जो कोरायला सोपा आणि या परिसरात न मिळणारा. हा दगड आला कुठून, शिल्पकाराने तो का निवडला, शेषाचे वेटोळे कोणत्या वळणाने जाते? या एका मूर्तीवर चित्रकलेचा, भूगोलाचा आणि इतिहासाचा शिक्षक मिळून महिनाभर वर्ग घेऊ शकतात. २०२० चे शैक्षणिक धोरण कला आणि विज्ञान यांत भिंत नको म्हणते; ती कुठे पाडायची, ते हा दगड सांगतो.

ही भिंत न मानणारे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून पाठवली होती. पारितोषिक नावाला नव्हे, कथेला मिळाले. नारळीकर गेले त्याच वर्षी अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकात जाऊन आले आणि शाळांनी टाळ्या वाजवल्या.  पण हात कामाला लावायची सवय सुटते ती शाळेतच.

पैसा अगदीच नाही असेही नाही. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला कल्पना उभी करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. अटल टिंकरिंग प्रयोगशाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे. पैशाहून दुर्मीळ आहे तो वेळ. अभ्यासक्रम, ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे सांभाळून शिक्षकाकडे प्रदर्शनासाठी दोन दिवस उरतात, आणि दोन दिवसांत तयार वस्तूच मांडता येते. म्हणून दोष मुलाचा नाही आणि एकट्या शिक्षकाचाही नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि आठवड्याचा एक दिवस हातकामाला देणारा अभ्यासक्रम शाळांत नेला. वेल्डिंग, शेती, विजेची जोडणी शिकवायला गावातलेच कारागीर आले. वेळ काढायचा ठरवला तर निघतो, हे तिथे दिसले.

तालुका प्रदर्शनापासून एकच नियम करावा: ज्या प्रकल्पासोबत मुलाच्या अक्षरातली, तारखा घातलेली, खाडाखोडीची नोंदवही नाही, तो परीक्षकांनी पाहू नये. वाचकांपैकी कोणी संस्थाचालक असतील, कोणी परीक्षक म्हणून बोलावले जात असतील, कोणी पालक असतील. येत्या विज्ञान दिनाला त्यांनी प्रतिकृतीपुढे न थांबता आधी ती वही मागावी.